फौजेतून निवृत्त झालेल्या एकट्या बायका – मावशीच्या निमित्ताने

केतकी_कोथरूड

सल्ला हवाय आणि थोडं मन मोकळंही करायचंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी सख्खी मावशी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होती. १९७०च्या दशकात लागली, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाली. आता पंचाहत्तरीला टेकलीय. फातिमानगरजवळ स्वतःचा फ्लॅट, पेन्शन, औषधपाणी, सगळं व्यवस्थित. लग्न केलं नाही. म्हणजे करायचं तर नोकरी सोडावी लागली असती, तेव्हा नियमच तसा होता. घरात मात्र 'हिला नोकरीचाच सोस' असं म्हणून विषय संपवतात.

कोविडपासून तिचं बाहेर पडणं जे थांबलं ते थांबलंच. आधी रेसकोर्सला फिरायला जायची, महिन्याला कँटीनची चक्कर असायची, नाताळात जुन्या मैत्रिणी जमायच्या, त्यात केरळच्या बऱ्याच. आता फोनच उचलत नाही. आम्ही गेलो की चहा करते, पोह्यांची बशी पुढे ठेवते आणि 'तुम्हाला उशीर होत असेल' म्हणून तासाभरात वाटेला लावते.

आणि रात्री दोनला उठते. हातात टॉर्च, पायात रबरी तळव्याच्या चपला. गॅसचा कॉक, बाल्कनीची कडी, बाथरूमचा नळ, मग दुसऱ्या बेडरूममध्ये जाऊन पलंगापाशी उभी राहते. मध्यंतरी मी राहायला गेले होते तेव्हा त्या पलंगावर मीच होते. तिनं माझ्या पायांवरचं पांघरूण सारखं केलं, मनगट हातात घेऊन नाडी पाहिली, आणि गेली. सकाळी विचारलं तर म्हणाली, "राउंड असतो." चेष्टेत नाही, सरळ.

१९८७ ते ९० आपली शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हा तिचं पोस्टिंग पुण्यात होतं. सुरुंगावर पाय पडलेली वीस-बावीस वर्षांची पोरं तिच्या वॉर्डात असायची. हे ती कधी सांगत नाही, आईकडून कळलंय.

हल्लीच तिला एका दवाखान्यात घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलानं कार्ड उलटसुलट केलं आणि मलाच विचारलं, "साहेब नाही आले का सोबत?" मावशी म्हणाली, "साहेब मीच." त्याला तो विनोद वाटला. मावशी तिथल्या तिथे मागे फिरली, आणि आता कुठल्याच दवाखान्याचं नाव काढू देत नाही.

हे डिप्रेशन आहे का? त्या राउंडचं काय करायचं? तिला न दुखावता कुणाला दाखवायचं? आणि तुमच्या घरात, सोसायटीत अशी कुणी आहे का? जवानांच्या बायका, वीरनारी (शहीद जवानांच्या विधवा) यांच्याबद्दल वाचायला मिळतं. ज्यांनी स्वतः वर्दी घातली आणि आता म्हाताऱ्या झाल्या, त्यांच्याबद्दल मराठीत मला तरी काही सापडलं नाही.

घोरपडी_फाटक

वाचतेय. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आहेत. गणपतीत कुणाला चक्कर आली की सगळे त्यांच्याकडे धावतात, एरवी वर्षभर त्यांची बेल कुणी वाजवत नाही. त्यात मीही आले.

निवृत्त_सिग्नल

जय हिंद ताई. मी सिग्नल्समधून सुभेदार म्हणून रिटायर. तुमच्या मावशींसारख्या सिस्टर लोकांनी माझा पाय वाचवला आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी आहे असं समजा.

आधी कामाचं. मावशींकडे ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड असणारच. पॉलिक्लिनिकच्या मेडिकल ऑफिसरला भेटून मानसोपचाराचं रेफरल मागा. 'डोक्याचा डॉक्टर' म्हणू नका, झोपेची तक्रार सांगा, ती खरीच आहे. दुसरं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. डिसेंबर २०२३ला आपल्या एएफएमसीत (पुण्याचं लष्करी वैद्यकीय महाविद्यालय) फौजी लोकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेलिमानसचा वेगळा कक्ष सुरू झाला. युनिफॉर्ममधलं माणूस समजून घेणारा पलीकडे असला की निम्मं काम होतं. तुम्ही स्वतः फोन करून 'मावशीशी कसं बोलू' एवढं विचारलंत तरी चालेल.

तिसरं, स्पर्शवर (फौजी पेन्शनचं पोर्टल) हयातीचा दाखला वेळेवर जातोय ना बघा. माणूस खचलं की पहिल्यांदा कागद राहतात. पेन्शन अडकली की मग अजून खचतं.

खडकी_बाजार

राग मानू नका, पण मला प्रश्न पडलाय. स्वतःचा फ्लॅट, कर्नलची पेन्शन, कँटीन, फुकट औषधं. माझी आई एकोणसत्तर वर्षांची. कंत्राटावर कारखान्यात झाडलोट केली, हातात काही नाही, गुडघे गेले, रात्री तीही दोनला उठते. तिच्यावर कुणी धागा काढत नाही. एकटेपणा म्हणजे पोट भरलेल्यांचा आजार वाटतो कधीकधी.

केतकी_कोथरूड

@खडकी_बाजार, राग नाही आला. आईंवर धागा काढा, मी पहिली येईन. पण पेन्शन आहे म्हणून झोप लागते असं असतं तर मावशी दहाला घोरत पडली असती.

मेंदूचा_दवाखाना

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, शहराचं नाव सांगत नाही, पुणेकर ओळखून घेतील. तपासल्याशिवाय निदान करत नाही, तेव्हा हे सगळं सर्वसाधारण समजा.

खडकीवाल्यांचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. 'लासी' नावाचं देशभरातल्या वयस्कांचं मोठं सर्वेक्षण आहे, पहिली फेरी २०१७-१८ची. त्यात साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये मोठ्या नैराश्याची शक्यता दिसली, म्हणजे साधारण बारांमागे एक. या आजाराला गरिबी पोसते, एकटं राहणंही पोसतं, आणि बाईमाणूस असणं दोन्हीत भर घालतं. तुमच्या आईंनाही दाखवा, खरंच.

आता मावशी. म्हातारपणी नैराश्य रडत येत नाही. 'भूक नाही', 'अंगात त्राण नाही', 'कशाला बाहेर जायचं' असं बोलत येतं. म्हणून आधी शरीर तपासा : थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन, सोडियम. आणि कान! फोन न उचलणारी, पाहुण्यांना लवकर वाटेला लावणारी म्हातारी माणसं पुष्कळदा निव्वळ ऐकू येत नाही म्हणून तसं करतात. चारचौघांत 'काय म्हणालात?' विचारायची लाज वाटते. हयातभर हुकूम दिलेल्या बाईला तर जास्तच.

नैराश्य चाचपायला पंधरा प्रश्नांची एक वयस्कांसाठीची प्रश्नावली असते, हो-नाहीत उत्तरं. पाचच्या वर गुण गेले की नीट तपासायचं. नर्सिंगमधल्या माणसाला चाचणी म्हटलं की आवडतं, हा माझा अनुभव. 'मन मोकळं कर' म्हटलेलं आवडत नाही.

राउंडबद्दल घाई नको. तीस-पस्तीस वर्षं नाइट ड्युटी केलेल्या शरीराचं घड्याळ वेगळं असतं. फेरी मारून परत झोपते का? की दहादा कडी तपासते, घाम फुटतो, दचकून उठते, स्वप्नं पडतात? पहिलं असेल तर ती सवय, दुसरं असेल तर उपचार. आणि कृपा करून शेजारच्यांच्या सांगण्यावरून झोपेची गोळी सुरू करू नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांनी या वयात तोल जातो, मध्यरात्री टॉर्च घेऊन फिरणारी बाई पडली की खुबा मोडतो. नैराश्यावरची औषधं चांगली आहेत, पण वयस्क बायकांमध्ये त्यातल्या काहींनी सोडियम उतरतं. पहिल्या काही आठवड्यांत रक्त तपासायचं, एवढं लक्षात ठेवा.

पुस्तकी_किडा

धागाकर्तीनं 'मराठीत सापडत नाही' म्हटलं, तर बाहेरचं थोडं.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यात असलेल्या चार हजारांवर बायकांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यांचं सरासरी वय तेव्हा ६७ च्या आसपास, त्यात परिचारिका पुष्कळ. प्रत्यक्ष व्हिएतनाममध्ये होत्या त्यांच्यापैकी २०.१ टक्के जणींना आयुष्यात कधी ना कधी पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार) झालेला. जवळच्या देशांत होत्या त्यांच्यात ११.५, आणि अमेरिकेतच राहिल्या त्यांच्यात १४.१ टक्के. या फरकामागे काय, तर युद्धभूमीवरचे अनुभव, आणि त्यातही ठळक दोन : बाई म्हणून झालेला दुजाभाव व छळ, आणि कामाचा असह्य दाब. नुसतं रक्त पाहिलं म्हणून नाही.

ब्रिटनमध्ये तर १९९० पर्यंत गरोदर राहिली की फौजेतून नारळ मिळायचा. इंग्लंड-वेल्सच्या २०२१च्या जनगणनेत पहिल्यांदाच 'तुम्ही सैन्यात होता का' असं विचारलं, तेव्हा माजी सैनिकांत १३.६ टक्के बायका निघाल्या, अडीच लाखांच्या घरात. विचारल्यावर दिसल्या!

आपल्याकडचं : लष्करी परिचारिकांची पहिली छोटी तुकडी १८८८ साली मुंबई बंदरात उतरली, १९२६च्या १ ऑक्टोबरला ही सेवा कायमस्वरूपी झाली, १९४३च्या अध्यादेशानं त्यांना अधिकारीपद मिळालं. इतर शाखांत बायकांची भरती सुरू व्हायला १९९२ उजाडलं. म्हणजे आज सत्तरी ओलांडलेली, स्वतः वर्दीत राहिलेली बाई दिसली तर ती नर्स असणार किंवा डॉक्टर. दुसरी जवळपास नाहीच.

खडकी_बाजार

अमेरिकेच्या बायकांचे टक्के इथे कशाला? आपल्या मावशी काय व्हिएतनामला गेल्या होत्या?

मेंदूचा_दवाखाना

टक्के इथे लावू नका, बरोबर. कारणं मात्र ओळखीची वाटतात का ते पाहा. वार्षिक अहवाल लिहिणारा वरिष्ठच त्रास देत असेल तर पंचवीस वर्षांची लेफ्टनंट कुणाकडे जाणार? पुणे असो की सायगाव.

वेलिंग्टन_ते_वानवडी

बरेच दिवस नुसती वाचते, आज लिहायला भाग पाडलंत. मी एमएनएसमधून, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधून, मेजर म्हणून बाहेर पडले. वय अडुसष्ट. माहेर सोलापूर.

केतकी, बाळ, आधी नियमाचं नीट सांगते कारण घरचे लोक 'नोकरीचा सोस' म्हणतात ते मला झोंबलं. १९७७ची एक लष्करी सूचना होती. पर्मनंट कमिशनवरच्या (कायम नेमणुकीच्या) सिस्टरची नोकरी कधी संपवता येते त्याची कारणं तिच्यात दिलेली. वैद्यकीय मंडळानं अपात्र ठरवलं तर, लग्न केलं तर, गैरवर्तन केलं तर. या क्रमानं, एका यादीत. १९९५ला ती सूचना मागे घेतली. मी तेव्हा अडतीसची, तुझी मावशी पंचेचाळीसची. आता करा लग्न! १९८८ साली लग्न केलं म्हणून काढलेल्या एका लेफ्टनंटनं केस लढवली. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २०२४मध्ये तो नियम मनमानी आणि भेदभावाचा ठरवून साठ लाख भरपाई द्यायला लावली. मी ती बातमी दोनदा वाचली, पेपर घडी करून ठेवला आणि स्वयंपाक केला. दुसरं काय करणार होते?

आम्ही काय गमावलं हे लोकांना नवरा-मुलं एवढंच वाटतं. त्याहून मोठं म्हणजे गाव. दर दोन-तीन वर्षांनी बदली. लेह, जोधपूर, बागडोगरा, पुणे. ट्रंकेवर रंगानं नाव लिहायचं, परत खोडायचं. साठीला आल्यावर 'सेटल' व्हायचं म्हणून पुणे, कारण हॉस्पिटल ओळखीचं आणि हवा बरी. पण पुण्यात आमचं कोण? भिशीतल्या बायका तीस वर्षांच्या मैत्रिणी. त्यांच्या गप्पा सुना, नातवंडं, व्याह्यांच्या मानपानाच्या. तिथं माझ्याकडे सांगण्यासारखं असतं ते वॉर्डातलं, आणि ते जेवताना सांगायचं नसतं.

आणि अधिकार. चोविसाव्या वर्षी माझ्या हाताखाली चाळीस खाटा होत्या. सहा फुटी हवालदार 'मॅडम, मॅडम' करत मागे यायचे. रिटायर झाल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरीनं पहिला प्रश्न विचारला, मिस्टर कुठे असतात. पार्किंगच्या अर्जावर पतीचं नाव लिहायला जागा होती, माझ्या हुद्द्याला नव्हती. यावर हसायचं ठरवलं म्हणून मी ठीक आहे. सगळ्यांना जमत नाही.

पीटीएसडी वगैरेचं डॉक्टर सांगतील. मी एवढंच म्हणेन, पाय तुटलेल्या पोरांचं दुःख होतं, पण ते वाटून घ्यायला पूर्ण ड्युटीरूम होती. नाइटनंतर एकत्र चहा, एकत्र रडणं, एकत्र शिव्या. दुसरी जी गोष्ट पुस्तकीसाहेबांनी लिहिली, छळाची, ती आम्ही ड्युटीरूममध्येही बोललो नाही. आत्ताही बोलत नाही.

तुझ्या मावशीची नाडी बघायची सवय मला पूर्ण कळते. मी शेजारच्या आजोबांच्या पायाला सूज आहे का हे लिफ्टमध्ये बघते.

घोरपडी_फाटक

मॅडम, एक कडक सॅल्यूट. 'तिथं माझ्याकडे सांगण्यासारखं असतं ते वॉर्डातलं' हे वाचून आमच्या वरच्या बाईंची बेल आज वाजवणार.

सातारी_सूनबाई

माझ्या सासूबाई वीरनारी. सासरे १९७१ला गेले, त्या तेव्हा वीसच्या. दिराशी लग्न लाव म्हणून भावकीनं वर्षभर पिच्छा पुरवला. पदकाचा भत्ता असेल तर आणखी पंचाईत, कारण विधवेनं दिराशिवाय दुसऱ्या कुणाशी लग्न केलं की तो बंद व्हायचा. ही अट २०१७मध्ये काढली. सासूबाईंनी दिराला नाही म्हटलं आणि एकट्यानं दोन पोरं वाढवली. आज पंच्याहत्तरीला त्या दिवसभर अंगणात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतात. पेन्शन तुटपुंजी, घर पडकं, पण एकटं असं त्यांना कधी वाटलेलं मी पाहिलं नाही. गावच तसं आहे, घराघरात फौजी. हे मावशींच्या उलटं आहे असं वाटलं म्हणून लिहिलं.

लेफ्ट_राइट_लेफ्ट

वीरनारींच्या पेन्शनबद्दल मला पण विचारायचंय, आजीचं पीपीओ (पेन्शनचा आदेश) हरवलंय, डुप्लिकेट कुठे मिळतं? आणि वन रँक वन पेन्शनमध्ये कुटुंब पेन्शन वाढली का?

केतकी_कोथरूड

@सातारी_सूनबाई, किती वेगळं! सासूबाईंचं अंगण पुण्यात कुठून आणू?

@लेफ्ट_राइट_लेफ्ट, कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर हा पेन्शनचा होईल. जाता जाता : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तिथे अशा अर्जांत मदत करतात.

एनसीसी_त्र्याण्णव

मी १९९०च्या दशकातल्या सुरुवातीच्या तुकड्यांपैकी. चेन्नईच्या अकादमीतून बाहेर पडले तेव्हा पेपरात फोटो आले. पाच वर्षांची नोकरी, मग मुदतवाढ, मग 'थँक यू'. पुरुष सहकारी पर्मनंट कमिशन घेऊन पुढे गेले. आम्हाला तो पर्यायच नव्हता आणि पेन्शनला वीस वर्षं लागतात. ईसीएचएसचं दार आमच्यासारख्या शॉर्ट सर्व्हिसवाल्यांना (ठरावीक वर्षांपुरती नेमणूक) २०१९ साली उघडलं, तेही एकरकमी पैसे भरून. पर्मनंट कमिशनचा सुप्रीम कोर्टाचा निकाल १७ फेब्रुवारी २०२०चा. आमच्यातल्या बहुतेकींसाठी गाडी स्टेशनातून गेलेली.

मला नवरा आहे, मुलगा आहे, बाणेरला घर आहे, त्यामुळे मावशींशी तुलना करत नाही. पण बत्तिसाव्या वर्षी मी घरी बसले तेव्हाचे दिवस आठवतात. सकाळी साडेपाचला उठून, आंघोळ करून, केस घट्ट बांधून सोफ्यावर बसायचे. कुठे जायचं नसायचं. त्याला कुणी आजार म्हणालं नाही, 'आता जरा संसार बघ' म्हणाले. सत्तरीत काय होईल याची भीती मला आजच वाटते. मे २०२५मध्ये एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) मुलींची पहिली सतरा जणींची तुकडी बाहेर पडली. त्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाठवले. मला आनंद झाला आणि पोटात काहीतरी तुटलंही. दोन्ही लिहून ठेवते.

खडकी_बाजार

मेजर मॅडम आणि एनसीसी मॅडम, तुमचं वाचून माझी पट्टी थोडी खाली आली. थोडीच. आईला काल विचारलं रात्री का उठतेस. म्हणाली, पहिल्या पाळीला चारला उठायची सवय, आता शरीर दोनलाच घाई करतं. डॉक्टरसाहेब, हे राउंडसारखंच झालं की.

मेंदूचा_दवाखाना

अगदी तेच. आणि आईंनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यातही हीच खोट आहे. सत्तरीची बाई समोर आली की आम्ही मुलं किती, नवरा आहे का, सून बघते का असं विचारतो. काय काम करायचात हे विचारायला पाचवी भेट उजाडते, आणि फौजेत होता का हे तर विचारतच नाही. अमेरिकेतही हा अनुभव आहे : पुष्कळ बायका स्वतःहून माजी सैनिक म्हणून नोंदच करत नाहीत, कारण त्यांच्या मते त्या 'नुसत्या नर्स' होत्या.

सुभेदारसाहेब, तुम्ही 'झोपेची तक्रार सांगा' म्हणालात ते मला पटलं. पण मावशींना अंधारात ठेवून नेऊ नका. त्या वैद्यकीय माणूस आहेत, पाटी वाचून त्यांना कळेलच, आणि मग भाचीवरचा विश्वासही जाईल. सरळ सांगा : मला काळजी वाटते, तपासून घेऊ, निकाल तू वाच.

निवृत्त_सिग्नल

मान्य डॉक्टर. सिस्टरला फसवायला गेलेला जवान अजून जन्माला यायचाय, हे मी विसरलो.

केतकी_कोथरूड

अपडेट. डॉक्टरांनी सांगितलं तसंच सरळ बोलले. पहिल्या दिवशी 'मला शिकवू नकोस' ऐकून घेतलं. मग ती पंधरा प्रश्नांची प्रश्नावली मराठीतून छापून टेबलावर ठेवली आणि भाजी आणायला गेले. परत आले तर लाल पेननं भरलेली. खाली गुण स्वतःच मोजलेले, सही, तारीख, वेळ. आकडा इथे लिहीत नाही, पाचच्या वर आहे. एका प्रश्नापुढे समासात टीप : 'प्रश्न संदिग्ध.'

रक्ताच्या तपासण्यांत बी १२ कमी निघालं. कानाची तपासणी झाली, उजव्या कानाला बरंच कमी ऐकू येतं. ती मोबाइल उजव्याच कानाला लावते! म्हणजे फोन न उचलण्याचं एक कारण तरी कळलं. मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे एकदा जाऊन आलो. एक गोळी सुरू झालीय, सोडियमची तारीख फ्रिजवर चिकटवलीय (मावशीनंच). आत काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही, विचारलंही नाही. बाहेर येऊन म्हणाली, "पोरगी हुशार आहे. हिस्टरी नीट घेते."

सगळं छान झालं असं नाही. बाहेर पडायला अजून तयार नाही. गेल्या रविवारी आईशी जोरात भांडण झालं, लग्नाच्याच विषयावरून. मी आईला ती १९७७ची सूचना वाचून दाखवली. आई गप्प बसली, पण पटलंय असं दिसलं नाही. पन्नास वर्षं एकच गोष्ट सांगत आलेल्या माणसाला दुसरी पटायला वेळ लागणार.

राउंड चालू आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं म्हणून सांगते : फेरी एकच, घाम नाही, दचकणं नाही, परत येऊन झोपते. पॅसेजमध्ये पायाशी लागणारे छोटे दिवे लावून घेतले आणि गालिचा काढून टाकला, टॉर्चच्या उजेडात पाय अडकायला नको.

वेलिंग्टन_ते_वानवडी

दिवे लावलेस ते फार बरं केलंस. गालिचाचं तर मीच सांगणार होते.

आता माझं काम. आम्ही सातआठ जणी आहोत, सगळ्या रिटायर, महिन्यातून एकदा कॅम्पात दुपारी भेटतो. नाव नाही, वर्गणी नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फक्त कोण ॲडमिट आहे ते कळतं. कुणी ॲडमिट झालं की आम्ही आळीपाळीनं जातो आणि तिथल्या नर्सेसना वैताग आणतो. मावशीला 'ये' म्हणू नकोस, येणार नाही. तिला सांग, एका मेजरला सल्ला हवाय. खरंच हवाय. आमच्यातल्या एकीला बेडसोअर झालंय, घरी बघायला ठेवलेली मुलगी ड्रेसिंग धड करत नाही, आणि आमच्यात ऑर्थो वॉर्ड सर्वांत जास्त तुझ्या मावशीनं केला असणार. नंबर विपूत, म्हणजे तुझ्या विचारपुशीत, टाकते. डाव्या कानाला फोन लावायला सांग.

केतकी_कोथरूड

विपू मिळाली. सांगितलं तिला. "कुठली बॅच?" एवढं विचारलं, आणि मग ड्रेसिंगला काय वापरतात, दिवसातून कितीदा कूस बदलतात, गादी कसली आहे. मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. "तुला काही माहीत नाही, नंबर दे," म्हणाली. दिलाय. अजून लावला नाहीये.

खडकी_बाजार

आईला परवा दाखवलं. थायरॉइड निघाला. डॉक्टरसाहेब, आभार. एक शंका, ताईंच्या मावशींना कानाचं मशीन ईसीएचएसमधून मिळेल का? आमच्या चाळीत एक रिटायर नायक आहेत, त्यांनाही ऐकू येत नाही, बिल घेऊन फिरतायत.

निवृत्त_सिग्नल

मशीन मिळतं, पण आधी बाजारातून विकत घेऊन मागून बिल लावायला गेलात की हेलपाटे ठरलेले. कानाच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि तपासणीचा आलेख घेऊन आधी पॉलिक्लिनिकमध्ये जा, कुठलं मशीन, किती रकमेपर्यंत, हे त्यांच्याकडून कळल्यावर पुढचं करा. नायकसाहेबांना म्हणावं मूळ बिल हातचं सोडू नका, झेरॉक्स द्या. काउंटरवर गर्दी सोमवारी जास्त असते, मधल्या वारी जा.